शेतशिवारातील प्रथमोपचार

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात गुलमंडी येथे केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणिसांनी ह्या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलण्याविषयी मला आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. आपल्या ज्ञातीत आज डॉक्टर, वकील, अभियंते, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. मी १९७६ साली मॅट्रिक झालो, अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि पुढे चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतील शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच माझी पुंजी. तथापि ह्या चाळीस वर्षांत एक धडा मी स्वतः फार महाग किंमत देऊन शिकलो, आणि ती किंमत मला नव्हे, दुसऱ्याला द्यावी लागली. तो धडा आपणांपुढे ठेवावा, ह्याच हेतूने मी उभा आहे. विषय आहे शेतकरी आणि शेतमजूर ह्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण.

कोणी म्हणेल, गुलमंडीसारख्या भर बाजारपेठेत शेतशिवाराचा विषय कशाला? परंतु ही गुलमंडी कोणाच्या जिवावर उभी आहे, ह्याचा क्षणभर विचार करावा. लग्नसराईत आणि दिवाळीत सुपारी हनुमानासमोरून जी गर्दी वाहते, ती केवळ ह्या शहराची नसते. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, खुलताबाद येथील शेतकरी कुटुंबे आपला पैसा येथे आणतात. आपल्यापैकी काहींची दुकाने ह्या गुलमंडीवर आहेत, काहींची मोंढ्यात आहेत. कोणी कापड विकतो, कोणी दोरखंड, कोणी पाण्याच्या मोटारी, कोणी बियाणे व फवारणीची औषधे. कित्येकांच्या वडिलोपार्जित जमिनी अद्याप गावाकडे आहेत आणि त्या सालगड्यांच्या हाती आहेत. तेव्हा शेतात माणसास इजा होते, तिच्याशी आपला संबंध नाही, असे आपणांस म्हणता यावयाचे नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची किमान एक पेटी ठेवणे कारखानदारांवर बंधनकारक केले. शेतात काय कमी धोका आहे? तेथे साप आहे, विंचू आहे, विहीर आहे, विजेची मोटार आहे, मळणीयंत्र आहे, विषारी औषध आहे, वैशाखातील ऊन आहे आणि वळवाची वीज आहे. परंतु चाळीस वर्षांत मी जी शेते पाहिली, त्यांपैकी एकाही शेतातील आखाड्यावर तशी पेटी मला आढळली नाही. विडीकाडीसाठी कोनाडा होता, बैलांच्या औषधासाठी शिंग किंवा बांबूची नळी होती. माणसासाठी मात्र काही नव्हते.

आता माझा धडा सांगतो. ह्यापूर्वी कोणत्याही सभेत तो मी सांगितलेला नाही.

१९८३ सालची गोष्ट. मी कन्नड तालुक्यातील एका लहानशा गावी शिक्षक होतो. वय तेवीस. पोळ्याचा आदला दिवस, खांदेमळणीचा. बैल ओढ्यावर धुऊन आणले होते, घरोघर लोणी आणि हळद कालवून ठेवली होती. माझे ज्यांच्या वाड्यात बिऱ्हाड होते, त्यांचा सालगडी बैलांसाठी हिरवा चारा कापण्यास बांधावर गेला आणि घोणसाने त्याच्या उजव्या पायाला दंश केला. आरडाओरड ऐकून मी धावलो. गावात शिकलेला असा मी एकटाच. सर्वांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. साप चावला की वर घट्ट बांधावे, एवढे मी कोठेतरी वाचले होते. पोळ्यासाठी बाजारातून आणलेला कोरा कासरा तेथेच पडला होता. तो मी त्याच्या गुडघ्याखाली अंगात होती तेवढी ताकद लावून आवळला. नंतर ब्लेडने दंशाच्या जागी चिरा घेतल्या. रक्त वाहू लागले, तेव्हा विष बाहेर पडत आहे असे समजून मला समाधानच वाटले.

ओढ्याला पाणी होते. बैलगाडी पलीकडे नेण्यात वेळ गेला. वाटेतील पहिल्या दवाखान्यात लस नव्हती. तेथून ट्रकने शहरातील एका रुग्णालयात पोहोचलो, तोवर सात तास झाले होते. वाटेत तो दोन वेळा म्हणाला, “गुरुजी, दोर लई रुततोय.” मी त्याला म्हणालो, “सहन कर, बाबा. हाच दोर तुझा जीव वाचवतो आहे.”

त्याचा जीव वाचला. चौथ्या दिवशी पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून विचारले, “दोर किती वेळ होता?” मी सांगितले, “सात तास.” ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, “घोणसाच्या विषाने मांस कुजते, तेव्हा धोका होताच. परंतु तुमच्या दोराने पाय राहण्याची आशा ठेवली नाही. आणि चिरा घेतल्यात, तेथून रक्त थांबता थांबेना. कारण ह्या विषाने रक्त गोठण्याचे बंद होते.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

बंधुभगिनींनो, त्या दिवशी माझ्या ठिकाणी धैर्याची उणीव नव्हती, मायेची नव्हती, धावपळीची तर मुळीच नव्हती. उणीव होती ती नेमक्या ज्ञानाची. अर्धवट ज्ञान हे अज्ञानाहून घातक असते, असे मी मुलांना फळ्यावर सुविचार म्हणून कितीतरी वेळा लिहून दिले होते. त्याचा अर्थ मला त्या रुग्णालयाच्या ओसरीवर कळला.

मी चुकलो तसा एकटाच चुकलो असतो, तर हे सांगण्याचे कारण नव्हते. आपल्या देशात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतील, म्हणजे ऐन पेरणी-खुरपणीच्या दिवसांतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावयाचे असा कृती आराखडा भारत सरकारने २०२४ साली जाहीर केला. परंतु आराखडा दिल्लीत होतो आणि साप बांधावर चावतो. त्या दोहोंमधील पहिला तास ज्याच्या हाती असतो, तो डॉक्टर नसतो. तो शेजारच्या वाफ्यात खुरपणारा माणूस असतो. त्या माणसाला शिकविल्यावाचून हा आराखडा पुरा व्हावयाचा नाही.

मग त्या माणसास काय शिकवावयाचे? जे मला १९८३ साली ठाऊक असावयास हवे होते, ते थोडक्यात सांगतो. साप चावलेल्या माणसास प्रथम धीर द्यावा, कारण पुष्कळसे साप बिनविषारी असतात आणि भीतीने धावपळ केल्यास अपायच होतो. त्यास चालू देऊ नये. हाड मोडल्यावर आधार देतो, तसा दंश झालेल्या हातापायास काठी अगर फळी लावून, सैल पट्टीने तो स्थिर ठेवावा. पाटल्या, बांगड्या, जोडवी, अंगठी, पैंजण ताबडतोब काढावेत, कारण सूज आल्यावर ते मांसात रुततात. घट्ट बांधू नये, चिरू नये, तोंडाने चोखू नये, चुना-हळद वा बर्फ लावू नये. साप मारण्यात आणि शोधण्यात वेळ दवडू नये. त्या भरात दुसराही चावून घेतो. दंशाची वेळ लक्षात ठेवावी, वाटेत जी लक्षणे दिसतील ती डॉक्टरांस सांगावीत, आणि ज्या रुग्णालयात लस आहे तेथेच थेट जावे. आपण जिला लस म्हणतो ते प्रतिविष आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सर्पविषावर दुसरे खरे औषध नाही. मंत्राने बरा झालेला माणूस हा बहुधा बिनविषारी सापाने चावलेला असतो.

मण्यारीविषयी वेगळे सांगतो, कारण ती फसविते. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास ती चावते. दंशाची खूण दिसत नाही, वेदना नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात आणि तोवर श्वास मंदावतो. शेतावर निजणाऱ्यास बाज आणि मच्छरदाणी दिली, तर हा दंश पुष्कळ अंशी टळतो. सालगड्यास वर्षाचे कपडे आणि वहाणा देण्याची रीत आपल्याकडे आहेच. तीत एक मच्छरदाणी आणि एक विजेरी वाढविण्यास असा कितीसा खर्च?

आता दुसरे संकट, ज्याचा आपल्या व्यापारी बांधवांशी अधिक निकटचा संबंध आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि विसाच्या आसपास दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी उंच वाढली होती, त्यामुळे औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्या तोंडावर व छातीवर पडत होते. कित्येकांच्या अंगावर धड सदरा नव्हता, मग हातमोजे आणि चष्मा कोठून असणार? ही माणसे आत्महत्या करावयास निघालेली नव्हती. मजुरी करावयास निघालेली होती.

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही रंग ओळखता येतो; परंतु त्याचा अर्थ कोणी सांगितलेला असेल तरच. फवारणाऱ्यास घाम फुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, स्नायू फडफडू लागले, तर ती विषबाधा समजावी. त्यास दूर मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढावेत, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे, डोळ्यांत गेले असल्यास पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. हे करणाऱ्याने स्वतःच्या हातांस मोजे अगर प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. पोटात गेले म्हणून मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, दूध पाजू नये. आणि औषधाचा डबा रोग्याबरोबर रुग्णालयात अवश्य न्यावा, कारण कोणते विष हे कळल्यावाचून डॉक्टरांस नेमका उपाय योजणे कठीण जाते.

विजेचा धक्का बसलेल्यास हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. भावाला चिकटलेला पाहून दुसरा भाऊ धरतो आणि दोघेही जातात. विहिरीत अगर गोबरगॅसच्या टाकीत उतरलेला माणूस कोसळला, तर त्याच्यामागून कोणीही उतरू नये. तेथे विषारी वायू तरी असतो किंवा प्राणवायू नसतो, आणि एकामागून एक उतरणारी तीन-तीन माणसे एकाच घरातून गेल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ह्याउलट, आकाशातील वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास नि:शंक हात लावावा. शुद्ध हरपली असून श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, सुमारे दोन इंच खोल, मिनिटास १०० ते १२० ह्या गतीने दाब देत राहावे, आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

मळणीयंत्रात हात सापडून रक्ताची धार लागली, तर स्वच्छ फडक्याने जखमेवर जोराने दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. बोट तुटले असल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट बर्फात थेट ठेवू नये. दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जिवावर बेतले असेल, तेव्हा जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा लागतो व आवळल्याची वेळ लिहून ठेवावी लागते. म्हणजे पाहा, जो बंध सर्पदंशात पाय घेतो, तोच येथे प्राण राखू शकतो. दोर तोच, कोठे बांधावा आणि कोठे बांधू नये, हे शिकण्यावाचून कळत नाही.

(येथे वक्त्यांनी आपल्या उपरण्याने मोडलेल्या हातास झोळी बांधून दाखविली आणि सभेतील दोन तरुणांकडून ती करवून घेतली.)

हे सारे ऐकून आपणांस कदाचित वाटेल, अडाणी माणसास हे कसे साधावे? ह्याचे उत्तर आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली काम आरंभिले. खेड्यातील बायांना, ज्यांतील पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली आणि बालमृत्यू लक्षणीयरीत्या घटल्याचे जगास दाखवून दिले. हाताला शिकविले की हात शिकतो. पाटी-पुस्तक आले नाही तरी जो नांगराचा फाळ जोडतो, मोट शिवतो, बैलाचा खूर पाहून दुखणे ओळखतो, त्याला झोळी बांधता येणार नाही असे म्हणणे हा आपल्या शहरी बुद्धीचा गर्व आहे.

जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांचे उदाहरण आपणांस तर घरचेच आहे. त्यांचा जन्म झाला तेव्हा जालना आपल्याच जिल्ह्यात होता, तो १९८१ साली वेगळा झाला. कोकणात महाडच्या परिसरात नोकरी करीत असता विंचूदंशाने धडधाकट माणसे डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली. रोग्याच्या उशाशी रात्ररात्र बसून त्यांनी लक्षणे टिपली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यावर लागू पडते, हे सिद्ध केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्या औषधाचा लाभही वेळेवर पोहोचलेल्यासच होतो. डॉक्टरांनी आपले काम केले. पोहोचविण्याचे काम आपले आहे.

आणि व्यापारी बांधवांस आणखी एक नाव सांगतो. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून पडले होते. त्या वाटेने हेन्री ड्यूनां नावाचा एक स्विस गृहस्थ आपल्या धंद्याच्या कामासाठी चालला होता. तो वैद्य नव्हता, व्यापारी होता. तो थांबला, जवळच्या गावातील बायाबापड्यांना गोळा केले आणि हा शत्रूचा, हा आपला असा भेद न करता जखमा बांधावयास लावल्या. त्यातूनच १८६३ साली रेडक्रॉसचा जन्म झाला, आणि १९०१ सालचे पहिले शांततेचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांत तो होता. दुकानदाराने जखमा बांधणे हे दुकानदाराच्या धर्माबाहेर नाही, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून पुष्कळ लोक रस्त्यावरील जखमीस हात लावीत नाहीत. ती भीती आता अनाठायी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यास संरक्षण दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही झाली. १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ सालापासून धावत आहे. परंतु रुग्णवाहिका यावयास अर्धा तास लागो की एक तास, तेवढा वेळ माणूस आपल्याच हाती असतो. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबास दोन लाख रुपये साहाय्य देणारी शासनाची योजना आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र ते पैसे घेण्यास घरची विधवा कचेरीत जाते. तिला तेथे जाण्याची वेळ येऊ नये, असे काही आपणांस करता येते की नाही, हा माझा प्रश्न आहे.

म्हणून संस्थेपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, दोन दिवसांचे प्रथमोपचार शिबिर भरवावे. रेडक्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि आपण सारे ज्याला घाटी म्हणतो ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ह्यांना मार्गदर्शनाची विनंती करावी. शिबिरात भाषणे थोडी असावीत, हातांनी करवून घेणे अधिक असावे. आणि शिकलेले दरवर्षी पुन्हा घोटावे, कारण न घोटलेला पाढा विसरतो. दुसरी, ज्यांच्या जमिनी गावाकडे आहेत त्यांनी आपल्या आखाड्यावर एक पेटी ठेवावी: स्वच्छ पट्ट्या, तिकोनी फडके, कात्री, हातमोजे, साबण, विजेरी, क्षारसंजीवनीच्या पुड्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस मिळते ह्याची चिठ्ठी. ही चौकशी साप चावण्यापूर्वी करून ठेवावयाची असते. तिसरी, जे बांधव फवारणीची औषधे विकतात, त्यांनी डब्याबरोबर हातमोजे व तोंडावरील मुखपट्टी पुढे करावी आणि त्रिकोणाचा अर्थ तोंडाने सांगावा. त्यात दोन मिनिटे जातात. गिऱ्हाईक मात्र पुढच्या हंगामात पुन्हा येते.

चौथी सूचना थोडी नाजूक आहे. ही संस्था आपल्या ज्ञातीची आहे, निधी आपल्या ज्ञातीचा आहे. परंतु हे शिबिर आपल्यापुरते ठेवू नये. आपल्या शेतात राबणारा सालगडी, कापूस वेचणारी बाई, विहीर खोदणारा मजूर ह्यांतील बहुतेक आपल्या ज्ञातीचे नाहीत. साप जात विचारून चावत नाही, आणि आपण बांधावर पडलो तर आपल्याला उचलणारा हातही बहुधा त्यांचाच असणार. स्वार्थाच्या दृष्टीने पाहिले तरी त्यांना शिकविणे शहाणपणाचे, आणि धर्माच्या दृष्टीने पाहिले तर अगत्याचे. खर्चाचा प्रश्न निघेल म्हणून सांगतो: आज संस्थेने माझा सत्कार योजिला आहे. शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह ह्यांवर जी रक्कम खर्च व्हावयाची असेल ती ह्या शिबिराच्या निधीत जमा करावी, आणि तेवढीच रक्कम माझ्या निवृत्तिवेतनातून मी तीत घालीन.

शेवटी त्या सालगड्याविषयी सांगून पुरे करतो. पुढे त्याला जयपूर पाय मिळाला. त्या पायावर तो बैल हाकू शकला नाही, परंतु राखण करी, चारा कापी. कोठेही भेटला तरी लोकांस सांगे, “ह्या गुरुजींनी माझा जीव वाचविला.” २०१८ साली मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या सभेस तो काठी टेकीत आला आणि तेच बोलला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मला मान वर करवेना.

त्या रात्री मी त्याच्या घरी गेलो आणि पस्तीस वर्षे पोटात ठेवलेले त्याला सांगितले, की तुझा पाय विषाने जितका गेला तितकाच माझ्या दोराने गेला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ते मला दवाखान्यातच कळलं व्हतं, गुरुजी. पर तुमाला तरी कोनी शिकवलं व्हतं?”

तो आता हयात नाही. त्याचा प्रश्न मात्र आहे, आणि तो मला एकट्याला विचारलेला नव्हता, असे मी मानतो. येत्या मृगापूर्वी आपण त्याचे उत्तर द्यावे, अशी आपणां सर्वांस हात जोडून प्रार्थना करतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.